रेडॉनच्या पंख्याला इन्व्हर्टर: नवशिक्यांसाठी आमोण्याहून मार्गदर्शन

सर्वप्रथम, ओरडू नका. लायट गेली आहे, एवढंच झालं आहे.

ही सूचना आमोण्याच्या वाचकांसाठी नाही. गोव्यात डिचोली तालुक्यात, मांडवीच्या काठी वाढलेला माणूस लायट गेल्यावर ओरडतो तो घाबरून नव्हे, रीत म्हणून. लहानपणी आम्ही सगळी पोरं एका सुरात ‘गेली!’ म्हणायचो आणि परत आली की त्याच सुरात ‘आयली!’ मधला वेळ आजीच्या दिवलीचा. गावात कच्च्या लोखंडाचा मोठा कारखाना आहे, त्याच्या भट्टीच्या वायूवर वीजसुद्धा तयार होते. पण मिरगाच्या पहिल्या वाऱ्याला काजूची एक फांदी तारेवर टेकली, की त्या विजेचा आणि आमच्या माजघराचा संबंध उरत नाही. खांबावरचा डीओ फ्यूज उडतो. किंवा तिनातली एक फेज जाते आणि ती नेमकी आपली असते. शेजारी टीव्ही चालूच असतो. तेव्हा ‘लायट गेल्यावर काय करावं’ या विषयात माझा अधिकार कोणी नाकारू नये. रेडॉन या विषयात तो मुळीच नव्हता. पुढचं मार्गदर्शन या दोन्हींच्या मिश्रणातून झालं आहे.

साहित्य: एक भाचा (पेनसिल्व्हेनियात स्थायिक), त्याचं एक तळघर, तळघरात शिरणारा न दिसणारा वायू, तो ओढून बाहेर टाकणारा पंखा आणि त्या पंख्याला लागणारी वीज. भाचा न मिळाल्यास पुतण्या चालेल. आमोण्यात तळघर मिळत नाही, तेव्हा प्रयोग घरी करून पाहू नये.

पायरी पहिली: शत्रू ओळखणे

भाचा म्हणजे पेडण्याला दिलेल्या माझ्या बहिणीचा मुलगा. मे महिन्याच्या सगळ्या सुट्ट्या त्याने आमच्याकडे आजोळी काढल्या, त्यामुळे ‘गेली!’चं शिक्षण त्याला इथेच मिळालं. एका रविवारी त्याचा फोन. नवं घर घेतलं, घराची तपासणी झाली, तळघरात रेडॉन निघाला, पंखा बसवला, सगळं ठीक. मग आवाज उतरवून म्हणाला, "मामा, लायट गेल्यार कितें करचें?"

आमच्या घरचीने मागून विचारलं की रेडॉन हा कुठल्या जातीचा साप. प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. तळघरात असतो, दिसत नाही आणि माणूस झोपेत असताना येतो. पण सापाला वास तरी असतो म्हणतात. याला रंग नाही, वास नाही, चव नाही. जमिनीतल्या दगडांत थोडंथोडं युरेनियम असतं, त्याचं होतहोत रेडियम होतं आणि रेडियमचा रेडॉन. बाकीची भावंडं दगडात पडून राहतात. हा एकटा वायू, म्हणून फटींतून वर येतो. त्याचं अर्धं आयुष्य ३.८ दिवसांचं. म्हणजे सोमवारी सकाळी कोंडून ठेवला तर गुरुवार संपता संपता निम्माच उरतो. पण मरताना जे कण मागे ठेवतो, ते श्वासाबरोबर फुप्फुसात जाऊन बसतात आणि तिथे आपला धंदा करतात. धूम्रपानाखालोखाल फुप्फुसाच्या कर्करोगाचं हे दुसरं मोठं कारण. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा अंदाज त्या देशापुरता वर्षाला सुमारे २१,००० मृत्यूंचा आहे.

अमेरिकेला हे घरोघरी कळलं ते भाच्याच्याच राज्यात. १९८४ च्या डिसेंबरात लिमरिक इथल्या अणुवीज प्रकल्पावर काम करणारा स्टॅन्ली वॉट्रस नावाचा अभियंता किरणोत्सर्ग तपासणाऱ्या दारातून गेला की घंटा वाजायची. प्रकल्पात अजून वीज तयार होऊ लागली नव्हती. म्हणजे माणूस प्रकल्पातून घरी काही नेत नव्हता, घरून प्रकल्पात आणत होता. बॉयरटाउनजवळच्या त्याच्या घराची हवा तपासली, तर लिटरमागे सुमारे २,७०० पिकोक्युरी निघाले. आज तिथे ४ वर गेलं की उपाय करा म्हणतात. नवशिक्याने एवढा आकडा पाठ करावा: ४. जागतिक आरोग्य संघटना याहूनही कडक आहे, पण एकदम सगळं पाठ होत नाही.

पायरी दुसरी: आपल्याकडे हे का नाही, हे फोनवर सांगू नये

मी सांगितलं आणि पुढचा अर्धा तास भाच्याचे पैसे गेले. तरी नवशिक्यासाठी थोडक्यात. आमचं घर जांभ्याच्या जोत्यावर आहे, जोत्याखाली माती आणि मातीखाली आणखी जांभा. तळघर खणायचं तर पावसाळ्यात त्यात मासे पाळावे लागतील. वर मंगळुरी कौलं, आणि दोन कौलांच्या मधून आकाश दिसलं नाही तर शाकारणी कोणी केली असं विचारतात. मधोमध राजांगण, त्यावर छप्परच नाही. पाऊस, ऊन, कावळे, तुळशीचा वास सगळं आत येतं आणि त्याच वाटेने बाहेर जातं. अशा घरात रेडॉनने यावं तरी कशाला आणि राहावं तरी कुठे?

त्यांचं घर म्हणजे थर्मास. थंडी आत येऊ नये म्हणून प्रत्येक फट बुजवलेली. आतली गरम हवा वर चढते, वरच्या फटींतून निसटते आणि तिची जागा भरायला घर खालून, मातीतूनच, हवा ओढतं. म्हणजे घरच रेडॉन पिऊन घेतं. हिवाळ्यात जास्त. पेनसिल्व्हेनियात सुमारे ४० टक्के घरं त्या ४ च्या वर आहेत, असं तिथल्या राज्याचं पर्यावरण खातं सांगतं.

पायरी तिसरी: पंखा बघणे

मी छताचा पंखा डोळ्यांसमोर धरला होता. फार तर टेबलफॅन, तळघराच्या खिडकीकडे तोंड करून. भाच्याने व्हिडिओवर दाखवला तेव्हा कळलं की हा वारा घालतच नाही. तळघराच्या काँक्रीटला एक भोक, भोकात चार इंची पीव्हीसीची नळी, नळी घराच्या बाहेरून वर छपरापर्यंत, आणि वाटेत दुधाच्या किटलीएवढा एक पंखा, जो लादीखालची हवा सतत ओढून छपराच्या वर सोडतो. लादीखाली दाब घरापेक्षा कमी राहिला की वायू घरात शिरतच नाही. असा पंखा साधारण २० ते ९० वॅट खातो. भाच्याचा ६०. रात्रंदिवस, बारा महिने, बंद करायचाच नाही.

आमच्या गावचा बेताळही असाच राखणदार. रात्री गावाच्या शिवेवरून फिरतो अशी श्रद्धा, म्हणून त्याला चामड्याच्या वहाणा वाहतात. चालून चालून झिजतात ना. त्याच्या फेरीला वीज लागत नाही. भाच्याचा राखणदार साठ वॅटचा, आणि तो थांबला तर काय, ही काळजी मला त्या क्षणी भाच्याहून जास्त वाटली.

नळीवर आणखी एक वस्तू असते आणि ती नीट बघून घ्या, पुढे लागणार आहे. यू आकाराची छोटी पारदर्शक नळी, तिच्यात रंगीत द्रव. पंखा चालू असला की एका बाजूचा द्रव वर, दुसऱ्या बाजूचा खाली. दोन्ही बाजू सारख्या दिसल्या म्हणजे ओढ थांबली. याला वीज, बॅटरी, वायफाय काही लागत नाही. अख्ख्या यंत्रणेत मला आवडलेली ही एकच चीज.

पायरी चौथी: बॅटरीचं गणित (वही घ्या)

आता आम्ही माझ्या अंगणात आलो. आमोण्याच्या घरात टप्प्याटप्प्याने पेट्रोमॅक्स, इमर्जन्सी लाईट आणि मग इन्व्हर्टर आला. त्या इन्व्हर्टरच्या सेवेत माझी वीसहून जास्त वर्षं गेली आहेत, आणि मी तुम्हाला हे सांगू शकतो की इन्व्हर्टर माणसासाठी नसतो, माणूस इन्व्हर्टरसाठी असतो.

आपली नेहमीची बॅटरी १२ व्होल्ट, १५० ॲम्पिअर-तास, ट्यूब्युलर. गुणाकार करा: १,८०० वॅट-तास. साठाने भागा: ३० तास. हे कागदावरचं. इन्व्हर्टर स्वतः खातो, बॅटरी तळापर्यंत रिकामी करायची नसते, आणि तिसऱ्या वर्षानंतर ती तुमच्याशी पूर्वीसारखी वागत नाही. प्रत्यक्षात वीस तास धरा. तेवढे पुष्कळ झाले.

इन्व्हर्टर घेताना साइन वेव्हचा घ्यावा. दुकानदार स्वस्तातला स्क्वेअर वेव्हचा पुढे करेल. दिवे त्यावर लागतात, पण मोटर भुणभुणते आणि तापते. रात्रभर छताच्या पंख्याचं भजन ऐकायचं नसेल तर वरचे पैसे द्या. टर्मिनलला व्हॅसलीन लावा. पाणी डिस्टिल्डच घाला. विहिरीचं पाणी गोड आहे हा युक्तिवाद बॅटरीपुढे चालत नाही. आणि ती बंद कपाटात ठेवू नका. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. आमच्या ओळखीच्या एकांनी शोभेसाठी बॅटरीला देव्हाऱ्याखालचं बंद कपाट दिलं होतं, वर अखंड नंदादीप. देव पावला म्हणून वाचले.

हे सगळं मी भाच्याला लिहवून घेतलं. त्याने इमानदारीने लिहिलंही असावं. शेवटी म्हणाला, "मामा, इथे १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ." आपल्याकडे २३० आणि ५०. म्हणजे मी तिकडे येताना एक इन्व्हर्टर आणतो हे माझं आश्वासन तिथेच पडलं. बॅटरीचा प्रश्नच नव्हता. भरलेली ट्यूब्युलर बॅटरी पन्नास किलोच्या वर जाते आणि सांडणाऱ्या ॲसिडची बॅटरी विमानात घेत नाहीत. घरचीने त्या जागेत कोकम, खटखटे लाडू आणि दोन किलो उकडा तांदूळ बसवायचं ठरवून टाकलं.

तिकडे मिळणारे पर्याय मग भाच्याने वाचून दाखवले. संगणकाचा छोटा यूपीएस: आतली बॅटरी बारा व्होल्ट सात ॲम्पिअर-तासाची असली तर आपला पंखा जेमतेम पाऊण तास, आणि तो पाऊण तास यूपीएस टिटवीसारखा ओरडत राहणार. लिथियम आयर्न फॉस्फेटची पेटी, हजार वॅट-तासांची: चौदा तासांच्या आसपास. पाणी नाही, ॲसिड नाही, व्हॅसलीन नाही. ऐकून मला त्या पेटीबद्दल आदर वाटला आणि थोडं वाईटही. बॅटरीत पाणी घातलं की नाही यावरून ज्या घरात भांडण होत नाही, ते घर कसलं?

पायरी पाचवी: जनरेटर. इथे विनोद नाही

भाच्याच्या शेजाऱ्याने त्याला पेट्रोलचा जनरेटर सुचवला. बाहेर बर्फ असतो म्हणून तो गॅरेजमध्ये ठेवायचा, दार थोडं उघडं ठेवून.

हे करू नका. तळघरात नाही, गॅरेजमध्ये नाही, दार उघडं ठेवूनही नाही, पडवीत खिडकीखालीही नाही. जनरेटरच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड रेडॉनसारखाच दिसत नाही, वास देत नाही. फरक एवढाच की रेडॉन वर्षं घेतो आणि हा तासाभरात, कधी त्याहून लवकर, झोपलेल्या घराला उठूच देत नाही. जनरेटर उघड्यावर, घरापासून निदान वीस फूट लांब, त्याचं तोंड घराच्या उलट दिशेला. घरात कार्बन मोनॉक्साइडची घंटा लावलेली हवी आणि तिची बॅटरी जिवंत हवी. आणि जनरेटरची पिन भिंतीतल्या सॉकेटमध्ये खुपसून घरात वीज सोडायची कल्पना कोणी सांगितली, तर त्या माणसाकडे चहासुद्धा पिऊ नका. ती वीज उलटी लाइनवर जाते आणि खांबावर चढलेल्या लाइनमनला लागते. हे पेनसिल्व्हेनियाला लागू आहे, डिचोलीला जास्त लागू आहे, आणि चवथीच्या पाच दिवसांत सर्वांत जास्त.

पायरी सहावी: ही खरं तर पहिली असायला हवी होती

इथवर आल्यावर घरचीने, माटोळीची फळं मोजता मोजता, विचारलं, "पण लायट गेल्यावर तो वायू किती वेळात मारतो?"

मी आणि भाचा दोघेही गप्प. सहा रविवार आम्ही व्होल्ट आणि ॲम्पिअर करत होतो आणि हे कोणी विचारलंच नव्हतं.

मग भाच्याने हिशेब केला. पंखा बसवण्याआधी त्याच्या तळघरात १२ पिकोक्युरी होते, बसवल्यावर दीड. वर्षाचे तास ८,७६०. समजा वर्षात एकदा आठ तास लायट गेली, आणि लायट गेल्याक्षणी रेडॉन उडी मारून थेट १२ वर गेला. तो तसा जात नाही, हळूहळू चढतो, पण वाईटात वाईट धरू. वर्षाची सरासरी दीडवरून होते १.५१. बरं, मोठं वादळ आलं. २०१२ साली सँडी वादळात तिकडे कित्येक घरं दिवसचे दिवस अंधारात होती; आपल्याकडे २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते आलं तेव्हा आमच्या वाड्यावर तीन दिवस दिवलीच होती. तीन दिवस धरा, ७२ तास. सरासरी १.५९. चारच्या जवळपासही नाही. रेडॉनचा धोका फुप्फुसं वर्षानुवर्षं मोजतात. एका रात्रीचा हिशेब त्यांच्या वहीत लागत नाही. उन्हाळ्यात लायट गेली तर खिडक्या उघडा, सुटलात. हिवाळ्यात गेली तर घर तापवणारी भट्टीही बंद, घर थंड होतं आणि खालून हवा ओढण्याचा घराचा जोरही कमी होतो. तेव्हा काळजी थंडीची आणि गोठणाऱ्या नळांची करा, पंख्याची नंतर.

म्हणजे माझ्या आयुष्यभराच्या विद्येला ज्या एका यंत्राची गरज नव्हती, नेमकं तेच यंत्र भाच्याने माझ्यासमोर आणून ठेवलं होतं. माझा निकाल असा: फक्त रेडॉनच्या पंख्यासाठी बॅटरी घेऊ नये. घरात दुसऱ्या कशासाठी घेतलीच असेल तर उरलेल्या विजेवर पंखा खुशाल लावा, तो काही जास्त खात नाही.

खरा धोका लायट जाण्यात नाही, आल्यावर आहे. लायट आली, दिवे लागले, सगळ्यांनी ‘आयली!’ म्हटलं आणि पंखा मात्र सुरूच झाला नाही. ब्रेकर पडलेला, किंवा झटक्याने मोटर गेलेली. पंखा घराबाहेर असतो, आवाज बारीक. कोणाच्या लक्षात येत नाही. मग आठ तासांचे आठ महिने होतात, आणि ते मात्र वहीत लागतात. म्हणून लायट आल्यावर पहिलं काम: तळघरात जाऊन ती यू आकाराची नळी बघणे. दोन्ही बाजू सारख्या असल्या तर आधी ब्रेकर बघा, मग पंखा बसवणाऱ्याला फोन. लायट न जाताही महिन्यातून एकदा नळीवर नजर टाकावी, आणि दर दोन वर्षांनी हवा पुन्हा तपासावी. तपासणीची डबी स्वस्त असते, काही दिवस ठेवून प्रयोगशाळेत पाठवायची.

पायरी सातवी: गावात परत

परवा आमच्या वाड्यावर एक नवं घर झालं. स्लॅबचं, सरकत्या काचांच्या खिडक्यांचं, चार खोल्यांत चार एसी. राजांगण नाही, त्या जागी मोटार ठेवतात. मालक मला इन्व्हर्टर दाखवायला घेऊन गेले, कारण आता या बाबतीत गाव मलाच विचारतं. जिन्याखाली कोनाडा करून त्याला दार लावलं होतं, दाराला रबराची पट्टी, धूळ जाऊ नये म्हणून. आत दोन बॅटऱ्या शेजारी शेजारी चार्ज होत होत्या. मी आधी ते दार काढायला लावलं. मग खिडकी उघडायला सांगितली. म्हणाले, उघडत नाही, एसीमुळे कायमची बंद केली आहे.

भाच्याचं विचाराल तर त्याने पेटी घेतलीच. आजोळचं शिक्षण असं जात नाही. गेल्या उन्हाळ्यात वादळाने तिकडे नऊ तास लायट गेली. पेटीवर त्याने फ्रिज, वायफाय आणि भाताचा कुकर चालवला, मला फोटो पाठवले. खिडक्या उघड्या होत्या. पंखा बंद होता.